दांडीखालचा तांबूस डाग

दार उघडल्यावर पाच मिनिटांत लोक मला थेट आपल्या बाथरूममध्ये नेतात. नाव विचारतात ते निघताना, फॉर्मवर सही करता करता, आणि कधीकधी तेव्हाही नाही. इतक्या खासगी जागेत इतक्या लवकर पोचून इतकी अनोळखी राहणारी माणसं फार नसावीत. माझ्या स्वभावाला ते सोयीचं होतं, म्हणून हे काम मी सहा वर्षं केलं.

काम म्हणजे गंजाचे डाग. शहराबाहेर बोम्मसंद्र्याला एका छोट्या कारखान्यात बाथरूममधले गंजाचे डाग काढायचं द्रावण बनतं. मी तिथे केमिस्ट म्हणून लागले, कारण लॅबमध्ये फारसं बोलावं लागत नाही असा माझा समज होता. तीनच महिन्यांत आमच्या मालकांनी, मूर्ती सरांनी, मला गिऱ्हाइकांच्या तक्रारी बघायला घरोघर पाठवायला सुरुवात केली. मीच का, असं विचारलं तर म्हणाले, "तू बोलत नाहीस. समोरचा माणूस बोलून बोलून थकतो आणि तक्रार संपते." मूर्ती सर कोणाची स्तुती करत नाहीत. ही केली होती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "तुझ्या कामाबद्दल लिही" असं संपादक काकू म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना विषय सांगितला. त्या म्हणाल्या, "चालेल. फराळाच्या पानांपासून लांब छापू."

तर आधी थोडी माहिती. आपल्याकडे बोअरवेलचं पाणी येतं ते नितळ दिसतं. त्यात विरघळलेलं लोखंड हवा लागल्यावर तांबूस होतं, आणि पाणी जिथे सतत ठिबकतं तिथे बसतं: गळक्या नळाखाली, कमोडच्या आतल्या उतारावर. हा पाण्याचा डाग. दुसरा असतो वस्तूचा. दाढीच्या फेसाचा डबा, केसांच्या पिना, ओल्या कोनाड्यात विसरलेलं ब्लेड, या प्रत्येकाची खूण वेगळी उठते आणि सरावाने ती ओळखता येते. डाग पडू नये म्हणून काय करावं, असं लोक फार अपेक्षेने विचारतात. उत्तर कंटाळवाणं आहे. गळका नळ दुरुस्त करा, डबा कोरड्या जागी ठेवा, आंघोळीनंतर फरशीवरचं पाणी ओढून टाका. हे फारसं कोणी करत नाही, म्हणून आमचा कारखाना चालतो.

तक्रार एकच असते. डाग गेला नाही, किंवा गेला आणि परत आला. मी जाऊन बघायचं आणि फॉर्मवरच्या तीन चौकोनांपैकी एकात खूण करायची: पाणी, वापर, उत्पादन. तिसऱ्या चौकोनात खूण केलेला फॉर्म मी कारखान्यात पाहिलेला नव्हता.

कोरमंगलाच्या एका पीजीत सहा मुलींनी मिळून एक डाग महिनाभर ब्लीचने घासला होता. ब्लीचने गंज जात नाही, उलट पक्का बसतो. आणि ब्लीचवर आमचं द्रावण पडलं तर विषारी वायू निघतो, म्हणून मी आधी खिडकी उघडली आणि मग हे सगळं सांगितलं. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे इतके दिवस आम्ही त्याची काळजी घेत होतो?" दुसरी म्हणाली, "असू दे. या पीजीत काहीतरी पर्मनंट पाहिजेच." मी 'वापर'वर खूण केली.

माझी स्वतःची पहिली मोठी चूक एका गिऱ्हाइकाच्या जुन्या घरातली. इथल्या जुन्या घरांत असते तशी सिमेंटची लाल, घोटून गुळगुळीत केलेली जमीन होती. तिच्यावर लोखंडी बादलीच्या बुडाचा काळपट गोल पडला होता. मी द्रावण टाकलं. गोल गेला, आणि त्या जागी फिकट गुलाबी, बादलीपेक्षा मोठा गोल आला. त्या जमिनीचा लाल रंग म्हणजे मुळात लोखंडाचा गंजच. हे मी बी.एस्सी.ला शिकले होते आणि परीक्षेत व्यवस्थित लिहिलंही होतं. घरातल्या बाईंनी त्यावर पाट ठेवला आणि मला एक केळं दिलं. तिथेही मी 'वापर'वरच खूण केली. वापर मीच केला होता, त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

हे प्रसंग मी लोकांना हसत सांगते. बनशंकरी भागातला प्रसंग आजवर कोणाला सांगितलेला नाही.

सुमित्राक्का आणि नारायणराव हे सत्तरी ओलांडलेलं जोडपं. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलेलं, त्यामुळे घरात मराठी असली तरी निम्मे शब्द कन्नड. गल्लीत सगळे त्यांना अक्का आणि अण्णा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हटलं. अण्णा यंत्रं बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्याचे प्रमुख होते. बाहेरून आलेला माल पास करायचा की परत पाठवायचा, हे ठरवणं त्यांचं काम.

अक्कांनी दारातच सांगितलं, "चप्पल असू दे गं, बच्चल ओलंच आहे." बच्चल म्हणजे बाथरूम. डाग भिंतीवर होता, पांढऱ्या टाइलवर. आधारासाठी बसवलेल्या स्टीलच्या दांडीच्या एका टोकापासून खाली वीतभर लांब, तांबूस ओघळ.

"दर आठवड्याला तुमचं औषध लावते," अक्का म्हणाल्या. "जातो. आणि येतो."

दांडी अण्णांसाठी होती. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. परदेशातल्या मुलीने आंघोळ घालायला माणूस ठेवा म्हणून हट्ट धरला, आणि अण्णांनी त्याला उत्तर म्हणून ही दांडी आणली आणि स्टुलावर बसून स्वतःच्या हाताने भिंतीत बसवली. तेव्हापासून रोज अकरा वाजता ते आत जात, कडी लावत आणि दांडी धरून एकटे आंघोळ करत. अक्का हे सांगत असताना अण्णा दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तिच्या कामाशी याचा काय संबंध?"

मी पाणी तपासलं. कावेरीचं होतं, बोअरचं नव्हे; त्यात लोखंड जवळजवळ नव्हतंच. कोनाड्यात डबा नव्हता, पीन नव्हती. अशा वेळी नियम साधा आहे. पाण्यात लोखंड नसेल आणि वस्तू नसेल, तर लोखंड कुठून येतंय ते शोधायचं. ते मिळेपर्यंत डागाला हात लावायचा नाही.

शोधायला मला ती दांडी चाचपावी लागली असती. आणि दांडीवर अण्णांचा ओला पंचा आणि दोन पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या वाळत होत्या. अण्णा माझ्यामागे उभे होते. लोकांच्या बाथरूममध्ये रोज जाणाऱ्या माणसाने अशा गोष्टींना बिचकू नये हे मला कळतं. तेव्हाही कळत होतं. मी नजर टाइलवर ठेवली, डाग काढला आणि अगदी स्वच्छ काढला. वर सल्लाही दिला: द्रावण वरून, दांडीच्या मुळापाशी सोडा, म्हणजे खालपर्यंत सारखं ओघळेल. दहाऐवजी वीस मिनिटं राहू द्या. 'वापर'वर खूण केली. अण्णांनी टाइलवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पास." अक्कांनी कॉफी दिली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या होत्या. मला वाटलं कौतुकाने.

महिन्याभरात त्यांची तक्रार पुन्हा आली. डाग परत आला होता आणि या वेळी हातभर लांब होता.

मी पोचले तेव्हा साडेदहा झाले होते. अण्णा हॉलमध्ये पेपर वाचत होते. बाथरूममध्ये दांडी मोकळी होती, एकही कपडा नाही. मी डाव्या टोकाला हात लावला आणि जरा ओढलं. दांडी हलली. भिंतीला चिकटलेली गोल टोपी आणि टाइल यांच्यामध्ये नख जाईल एवढी फट पडली आणि परत मिटली.

"हलते ना?" मागून अक्का हळूच म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पुसताना कळतं की. दोन महिने झाले."

"मग अण्णांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. म्हणाले, तुला भास होतो. म्हणाले, मी बसवलेली वस्तू हलत नाही. ते आत गेले की मी रोज या दाराबाहेर उभी राहते. आतून कडी असते. पडले तर मी बाहेरून काय करणार, सांग." त्यांनी पदराने ओला हात पुसला. "म्हणून कंपनीला फोन केला. कंपनीची बाई येईल, बघेल, सांगेल. त्यांना कागदावर लिहिलेलं पटतं. पण तू आलीस आणि डागच काढलास."

दांडीवरचे कपडे मुद्दाम काढून ठेवलेत का, हे मी विचारलं नाही. ठेवले होतेच.

टोपीच्या कडेने टॉर्चचा उजेड टाकल्यावर सगळं दिसलं. दांडी चांगल्या स्टीलची होती, तिला काही झालेलं नव्हतं. आतले स्क्रू साध्या लोखंडाचे होते. त्यांना आंघोळीचं पाणी लागत होतं तोवर ते हळूहळू गंजत होते. पण आमचं द्रावण आम्लाचं. टोपीखाली शिरलं की ते धुऊन निघत नाही, आत साचतं आणि लोखंड खातं. दांडीच्या मुळापाशी सोडा, वीस मिनिटं ठेवा, हे मीच सांगितलं होतं. अक्कांनी दर आठवड्याला ते अगदी मनापासून केलं होतं.

मी गच्चीत जाऊन मूर्ती सरांना फोन लावला.

"स्क्रू कोणी बसवले?" त्यांनी विचारलं.

"गिऱ्हाइकाने."

"मग झालं. फिटिंगची चूक. आपल्या मालाचा उल्लेख कुठेही नको."

"पण सर, मीच त्यांना सांगितलं होतं..."

"तोंडी सांगितलंस की लिहून दिलंस?"

"तोंडी."

"सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

म्हणजे मला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक सांगितली तर अण्णांची अब्रू जात होती, दुसरी सांगितली तर माझी नोकरी. दोन्ही टाळायची सोय होती. पुन्हा डाग काढायचा आणि जायचं. मला ते फार छान जमतं. मी खरोखरच थोडा वेळ गच्चीत उभी राहिले.

खाली आले तेव्हा अण्णा खांद्यावर पंचा टाकून, काठी टेकत, बाथरूमकडे निघाले होते. अक्का बाजूला उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

"अण्णा," मी म्हटलं, "आज दांडी धरू नका."

ते थांबले. "का?"

"सुटायला आलीय."

"हिने सांगितलं?"

"नाही. मी ओढून पाहिली. आतले स्क्रू गंजलेत."

"स्टेनलेसचे आहेत. गंजणार नाहीत."

"नाहीत अण्णा. साधे आहेत."

ते माझ्याकडे वळले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुमच्या बाटलीत कुठलं आम्ल आहे? एकच की दोन? किती टक्के? धुतल्यावर किती उरतं? साधारण किती आठवड्यांत किती खाईल? तोंडी परीक्षेसारखं होतं ते. आणि गंमत म्हणजे मला तेवढंच बोलणं सहज जमतं. मी सगळं सांगितलं. दोन्ही आम्लं सांगितली, जे बाटलीवर बारीक अक्षरात आहे तेसुद्धा. शेवटी म्हटलं, "द्रावण मुळापाशी ओता, हे मीच मागच्या वेळी सांगितलं होतं. तेव्हा दांडीला हात लावून बघायला हवं होतं. बघितलं नाही."

"का नाही बघितलं?"

मी खाली बघत सांगितलं, "कपडे वाळत होते."

अण्णांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? तुम्हीच टाकता तिथे. गच्ची आहे घराला."

"स्क्रूड्रायव्हर आण," अण्णा म्हणाले.

ते कमोडच्या झाकणावर बसले आणि टोपी सोडवली. टोपीमागून तपकिरी चुरा पडला. तीन स्क्रूंपैकी एकाचं डोकं स्क्रूड्रायव्हर लावताच तुटून त्यांच्या मांडीवर आलं. दुसऱ्याचं बोटाने निघालं. दांडीचं ते टोक एका स्क्रूवर उभं होतं. अण्णांनी खिशातून चष्मा काढला, ते डोकं उजेडात धरलं आणि मला म्हणाले, "टेबलाच्या खणात चुंबक आहे. घोड्याच्या नालासारखं."

मी आणून दिलं. स्क्रूचं डोकं टप्पकन चुंबकाला चिकटलं. चांगलं स्टेनलेस असं चिकटत नाही.

"दुकानदार म्हणाला, स्टेनलेस आहेत सार," अण्णा म्हणाले. सार हा शब्द त्यांनी हुबेहूब दुकानदारासारखा उच्चारला. "चमकत होते. मी घेतले. अख्खी नोकरी मी हाताखालच्या पोरांना एकच सांगितलं, चकाकी बघू नका, चुंबक लावा. ट्रकच्या ट्रक परत पाठवले मी. आणि घरच्या सहा स्क्रूंना चुंबक लावलं नाही."

"हौदु, खरं आहे," अक्का म्हणाल्या. "घाई होती तुम्हाला. मुलीला फोटो पाठवायचा होता."

अण्णांनी माझ्या हातातला फॉर्म मागून घेतला आणि वाचला. "कुठे खूण करणार?"

"दोन ठिकाणी."

"कर. आणि खाली लिही, माल न तपासता बसवला. नाव माझं घाल."

मी 'वापर' आणि 'उत्पादन' दोन्हीवर खूण केली, खाली सगळं लिहिलं, माझा सल्लासुद्धा. अण्णांनी माझी दोन वाक्यं जास्तीची म्हणून काढायला लावली. सहीच्या वेळी त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं.

तो फॉर्म मी मूर्ती सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. नोकरी गेली नाही. काही महिन्यांनी बाटलीवर 'लोखंडी भागांपासून दूर ठेवावे' अशी एक ओळ आली, इतकी बारीक की अक्कांना ती वाचता येणार नाही. आणि मला पुन्हा लॅबमध्ये बसवलं. तक्रारींवर आता दुसरी मुलगी जाते, ती खूप बोलते. मला हवं होतं ते मिळालं, असं म्हणायला हरकत नाही. कधीकधी मी मोजते की त्या आधीच्या वर्षांत किती दांड्यांना मी हात लावला नसेल, आणि मोजणं मध्येच सोडून देते.

पण त्या दिवशीचं अजून थोडं राहिलंय. फॉर्म भरून झाला तेव्हा अकरा वाजून गेले होते. दांडी उतरवून कोपऱ्यात ठेवली होती आणि डाव्या टोकाच्या जागी भिंतीत तीन तपकिरी भोकं दिसत होती. डाग तसाच होता.

"आज राहू दे आंघोळ," अक्का म्हणाल्या. "सुताराला बोलावते. तो उद्या दुसरी बसवेल."

"घामाने चिकटलोय मी."

"मग अंग पुसून देते."

"पेशंट नाहीये मी."

अण्णा दारात उभे होते, एक हात चौकटीवर. ते फरशीकडे, मग त्या तीन भोकांकडे बघत राहिले. मी हॉलमध्ये येऊन कॉफीचा कप उचलला, कारण दुसरीकडे कुठे बघावं कळेना. मग काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला आणि अण्णा म्हणाले, "ये मग."

अक्का आत गेल्या. दार लोटलं गेलं, पण कडी लागली नाही. बादलीत पाणी पडायला लागलं.

"स्टूल इकडे घे. स्वल्प पुढे," अण्णांचा आवाज आला. "आणि डोळे मिटून घे."

"पन्नास वर्षांनी?"

"मिटून घे म्हटलं ना."

"मिटले. आता तुम्हाला धरू कुठे, ते सांगा."

पाण्याचा आवाज तेवढा राहिला. मी कप ठेवून उठले आणि चपला हातात घेतल्या. मी बाहेरचं दार ओढून घेत होते, तेव्हा अण्णा म्हणाले, "बरं. उघड."